म्हाडाच्या सोडतीतली ‘वीस टक्क्यां’ची घरं: अर्ज भरण्याआधीचं परीक्षण

पुणे किंवा कोकण मंडळाच्या सोडतीच्या जाहिरातीत चांगल्या ठिकाणी असूनही स्वस्त दिसणारं घर बहुधा म्हाडाने बांधलेलं नसतं. ते खासगी बिल्डरच्या प्रकल्पातलं असतं. पैसे त्याच्याकडे भरायचे असतात आणि विक्री करारनामाही त्याच्याशीच होतो. म्हाडा ग्राहक निवडून देते, एवढंच. या योजनेचं सरकारी नाव ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण योजना’. बोलताना सगळे तिला ‘वीस टक्के’ म्हणतात. इथे त्या वीस टक्क्यांचं परीक्षण आहे: सोडत कशी चालते, हातात काय पडतं, आणि शहराच्या नियमावलीतून ही घरं मुळात इतकी कमी का निघतात.

मत आधीच सांगतो. सोडतीची ऑनलाइन यंत्रणा चांगली आहे, पूर्वीपेक्षा पुष्कळच. किंमत तर इतकी कमी असते की त्याच परिसरात खुल्या बाजारात तिच्या जवळपासचं काही मिळत नाही. दुखणं आहे ते महापालिका, म्हाडा आणि बिल्डर या तिघांच्या मधल्या जागेत. तिथे कुठलीही तक्रार घेऊन गेलात, तरी प्रत्येकाला बोट दाखवायला दुसरा कुणीतरी असतो.

जाहिरातीत सगळ्यात आधी योजनेचा प्रकार बघा. कोकण मंडळाची सोडत ११ ऑक्टोबर २०२५ रोजी ठाण्यात निघाली, तिच्यात ५,२८५ घरं आणि ७७ भूखंड होते. त्या घरांपैकी वीस टक्के योजनेतली होती अवघी ५६५. तब्बल ३,००२ घरं ‘पंधरा टक्क्यां’ची होती, म्हणजे एकात्मिक नगर वसाहतींमधली. अशा वसाहतीला किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर जमीन लागते. एवढी सलग जमीन शहराच्या पोटात मिळत नाही, त्यामुळे ही घरं स्टेशनपासून लांब असतात. मंडळाच्या स्वतःच्या योजनांतली आणि विखुरलेली घरं १,६७७ होती, आणि उरलेली ४१ आणखी एका परवडणाऱ्या घरांच्या योजनेतली. एकाच जाहिरातीत इतके प्रकार असल्यामुळे ‘म्हाडाचं घर’ या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. कळतं ते संकेत क्रमांकासमोर (जाहिरातीत प्रत्येक प्रकल्पाला दिलेला क्रमांक) लिहिलेल्या योजनेच्या नावावरून. मुंबई मंडळाचं गणित तर निराळंच आहे. तिथल्या सोडतीत मुख्यतः म्हाडाच्या स्वतःच्या वसाहती आणि पुनर्विकासातून मिळालेल्या सदनिका येतात. खाली जे नियम आहेत ते पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, नवी मुंबई यांसारख्या शहरांना धरून आहेत.

नियम काय आहे आणि वीसचे सात कसे होतात

नागरी कमाल जमीन धारणा कायदा राज्यात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला. त्या कायद्याच्या सवलतीच्या योजनांतून सरकारकडे थोडीफार छोटी घरं येत असत, तो रस्ता बंद झाला. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०१३ च्या अधिसूचनेने दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना वीस टक्क्यांचा नियम लावला गेला. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, मंजूर झाली आणि हा नियम तिच्यात ३.८ क्रमांकावर आला. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती, म्हणून मूळ निकषात सोलापूर थोडक्यात हुकलं. मिरा-भाईंदर आणि भिवंडीही त्याच कारणाने बाहेर. पुढे व्याप्ती बदलत गेली. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीतली घरं पुणे मंडळाच्या सोडतीत येतात.

नियमाचा गाभा असा: ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा असेल, तर मूळ एफएसआयच्या (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) किमान २० टक्के इतक्या क्षेत्राची छोटी घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची. एका घराचं क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ ते ५३८ चौरस फूट. घरं न बांधता नुसते प्लॉट पाडून विकायचे असतील, तर निव्वळ क्षेत्राच्या २० टक्क्यांवर ३० ते ५० चौरस मीटरचे छोटे भूखंड पाडायचे. दोन सदनिका जोडून एक करायला बंदी. बिल्डरची सोय म्हणून या घरांचं बांधकाम एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणजे त्याचं विक्रीचं क्षेत्र घटत नाही.

यातला ‘मूळ’ हा शब्द नजरेतून सुटतो, आणि सगळा फरक तिथेच आहे. हिशेब मांडून बघा. निव्वळ १०,००० चौरस मीटरचा भूखंड, समोर ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्ता, ठिकाण पुण्यासारखी महापालिका. मूळ एफएसआय १.१, म्हणजे ११,००० चौरस मीटर. प्रीमियम भरून ०.५ मिळतो, म्हणजे आणखी ५,०००. टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) १.४ पर्यंत चढवता येतो, म्हणजे आणखी १४,०००. एकूण झाले ३०,०००. वीस टक्के मोजायचे फक्त पहिल्या ११,००० वर: २,२०० चौरस मीटर. तीस हजारांच्या तुलनेत हे ७.३ टक्के होतात. जिने, लॉबी, बाल्कनी यांसाठी निवासी इमारतीला आणखी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय मिळतो; तो धरला तर वाटा अजून उतरतो. प्रत्येक घर ५० चौरस मीटरचं धरलं, तर एवढ्या मोठ्या प्रकल्पातून ४४ घरं निघतात.

आता तोच भूखंड ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर आणा. तिथे टीडीआर ०.४ पर्यंतच चढतो, एकूण २०,००० होतात आणि तेवढ्याच २,२०० चौरस मीटरचा वाटा ११ टक्के होतो. म्हणजे रस्ता जितका रुंद, बस आणि मेट्रो जितकी जवळ, दाटी जितकी जास्त, तितका गरिबाच्या घरांचा वाटा कमी. शहर नियोजनाच्या दृष्टीने हे सरळ उलटं आहे. कामावर पोचायला सार्वजनिक वाहतूक ज्याला सगळ्यात जास्त लागते, त्याचा वाटा तिथेच सगळ्यात कमी.

न्यूयॉर्क शहराने मार्च २०१६ मध्ये अशी सक्ती आणली तेव्हा ती जोडली वाढीव बांधकामाच्या परवानगीशीच. जिथे शहर झोन बदलून जास्त घरं बांधू देणार, तिथे एका पर्यायानुसार निवासी मजलाक्षेत्राच्या २५ टक्के भागात परवडणारी घरं हवीत, आणि ती कायम परवडणारीच राहिली पाहिजेत. आपल्याकडे वाढीव बांधकाम हिशेबाबाहेर. बिल्डरांची बाजूही आहे: प्रीमियम एफएसआयसाठी ते सरकारी तिजोरीत पैसे भरतात, टीडीआर बाजारातून विकत घेतात, त्यावर पुन्हा छोट्या घरांचा भार टाकला तर तो उरलेल्या घरांच्या दरात जाईल. यात तथ्य आहे. पण मग निदान जाहिरातीत ‘वीस टक्के’ म्हणू नये.

दुसरी गळती ४,००० चौरस मीटरच्या उंबरठ्यावर आहे. हे क्षेत्र एकराला थोडं कमी पडतं. मंजूर लेआउटमध्ये तुकडे पाडून सुटका होत नाही, कारण तिथे भूखंडांचा वीस टक्क्यांचा नियम लागतो. म्हणून तुकडे त्याआधीच पडतात: सातबारा फोडून, वाटणीपत्र करून, वेगवेगळ्या नावांवर. मग ३,८०० आणि ३,९०० चौरस मीटरचे नकाशे शेजारी शेजारी मंजुरीला येतात, आणि दोन्ही इमारतींचं गेट मात्र एकच असतं. तिसरी गळती माहितीची. परवानगी देते महापालिका, सोडत काढते म्हाडा. पालिकेने आणि बिल्डरने कळवलं नाही तर म्हाडाला घरं आहेत हेच कळत नाही. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, असा आरोप २०२२ साली झाला, प्रकरण विधान परिषदेत गाजलं आणि आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेलं. खरं तर उपाय साधा आहे: प्रत्येक पालिकेने ४,००० चौरस मीटरवरच्या सर्व परवानग्यांची यादी, त्यातल्या वीस टक्के घरांच्या संख्येसह, दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावी.

किंमत कशी ठरते

किमतीचं सूत्र बाजारभावाशी बांधलेलं नाही. रेडीरेकनरमधला (सरकारी मूल्यदर तक्त्यातला) बांधकामाचा दर, अधिक २५ टक्के. जमिनीची किंमत यात नाही, आणि घर स्वस्त पडतं ते म्हणूनच. उदाहरणापुरता बांधकाम दर चौरस मीटरला २७,००० रुपये धरा. २५ टक्के मिळवले की ३३,७५० होतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण ३,१३५ रुपये. ५० चौरस मीटरला पावणेसतरा लाखांच्या वर थोडं. बाणेर असो की वाघोली, सूत्र तेच. म्हणून महागड्या परिसरातल्या घराचा फायदा कितीतरी मोठा, आणि अर्जांची झुंबडही तिथेच.

जाहिरातीतली किंमत ही शेवटची किंमत नव्हे, हे मात्र गृहीतच धरा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी (नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये). बांधकाम चालू असताना करार केला तर जीएसटी. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकेला तो १ टक्का लागतो, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला) मिळाल्यानंतरच्या विक्रीला लागत नाही. त्यावर वीजमीटर, सोसायटी स्थापनेचा खर्च, देखभालीची आगाऊ रक्कम. खटके उडतात ते या शेवटच्या ओळीत, कारण ‘इतर शुल्क’ या मथळ्याखाली काय काय घालायचं याला बिल्डरच्या कल्पनाशक्तीशिवाय मर्यादा नसते. करारनाम्याचा मसुदा आणि खर्चाचं पत्रक दोन्ही लेखी मागून घ्या. पार्किंग किमतीत आहे की नाही हेही त्याच पत्रकात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

अर्ज: काय चांगलं, कुठे अडतं

जानेवारी २०२३ पासून म्हाडाने नवी सोडत प्रणाली आणली. नोंदणी एकदाच करायची, आणि कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधीच होते. पूर्वी सोडतीत नाव लागल्यावर कागद तपासले जात आणि लॉटरी लागलेला माणूस महिनोन्‌महिने अपात्र ठरण्याच्या भीतीत राहायचा. आता सोडतीत फक्त पात्र अर्जच जातात. या एका बदलासाठी यंत्रणेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.

लागणारे कागद: स्वतःचं आणि जोडीदाराचं आधार आणि पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा, आरक्षणातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र, घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा. अडतं ते चार ठिकाणी. एक, अधिवास प्रमाणपत्र जुनं, बारकोड नसलेलं असतं. ते चालत नाही. नवं काढायला महाराष्ट्रातल्या गेल्या २० वर्षांतल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, आणि वेळही लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट न बघता ते आधीच काढून ठेवावं. दोन, उत्पन्नाचं वर्ष चुकतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं विवरणपत्र म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६. पावतीवर ठळक दिसतं ते करनिर्धारण वर्ष, आणि लोक त्याच्या आधीच्या वर्षाची पावती चढवून मोकळे होतात. विवरणपत्र भरत नसाल तर तहसीलदारांचा दाखला, तोही नेमक्या त्याच वर्षाचा. तीन, पती-पत्नींचं उत्पन्न एकत्र धरायचं हे विसरलं जातं आणि गट चुकतो. चार, आधार आणि पॅनवरची नावं जुळत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना याचा सगळ्यात जास्त त्रास.

मे २०२२ पासूनच्या मर्यादेप्रमाणे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या महानगर प्रदेशांत आणि दहा लाखांवरच्या शहरांत वर्षाला ६ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न म्हणजे अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम, त्यावर उच्च. बाकी महाराष्ट्रात अत्यल्पची मर्यादा साडेचार लाख आणि अल्पची साडेसात लाख. वीस टक्क्यांतली घरं पहिल्या दोन गटांची. त्या महापालिकेच्या हद्दीत अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावावर पक्कं घर नसावं. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांना ही अट देशभर लागू होते, म्हणून गावाकडच्या घरात आपलं नाव आहे का हे आधी पाहून घ्या.

अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत ते जीएसटीसह ५९० रुपये होतं. त्याच सोडतीत अनामत अत्यल्प गटाला २५,००० आणि अल्प गटाला ५०,००० रुपये होती. नाव लागलं नाही तर अनामत खात्यात परत येते, म्हणून बँकेचा तपशील भरताना खाते क्रमांक दोनदा वाचा. प्रत्येक संकेत क्रमांकासाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, वेगळी अनामत. दहा ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा दोन-तीन प्रकल्प स्वतः पाहून टाकलेले बरे. मुंबई मंडळाच्या त्या सोडतीत २,०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांहून जास्त अर्ज आले होते, घरामागे पन्नासच्या वर. पुणे आणि कोकण मंडळांत मात्र काही संकेत क्रमांकांवर झुंबड उडते आणि काहींवर घरांपेक्षा अर्ज कमी पडतात. संधी बघायची तर या दुसऱ्या प्रकारात, कारण समजून घेऊन.

आरक्षणाचा एक परिणाम लक्षात घ्या. अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६ टक्के, विमुक्त आणि भटक्या जमाती प्रत्येकी दीड टक्का, शिवाय पत्रकार, कलाकार, माजी सैनिक, सरकारी कर्मचारी, आणि हो, आजी-माजी लोकप्रतिनिधीही. वीस टक्के योजनेत एकेका प्रकल्पात दहा-बारा घरं असतात. त्यांची अशी वाटणी झाली की एखाद्या प्रवर्गाला एक घर, एखाद्याला शून्य. म्हणून जाहिरातीच्या पुस्तिकेत आपल्या प्रवर्गासमोर त्या संकेत क्रमांकावर किती घरं आहेत तो रकाना बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आमदार-खासदारांना अत्यल्प गटाच्या घरांत आरक्षण कशासाठी, याचं पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

म्हाडाने कुणालाही दलाल नेमलेलं नाही. ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याकडे करण्यासारखं काही नसतंच, सोडत संगणक काढतो. बनावट संकेतस्थळांवर पैसे भरून लोक फसले आहेत. अधिकृत संकेतस्थळ आणि ॲप सोडून कुठेही पैसे भरू नयेत.

सोडतीनंतर: कर्ज, करार, इमारत

नाव लागलं की लॉगिनमध्ये सूचना पत्र येतं. ठरलेल्या मुदतीत ‘स्वीकार’ नोंदवायचा, मग देकार पत्र (घर देऊ केल्याचं पत्र), मग बिल्डरकडे. मुदत चुकली तर घर प्रतीक्षा यादीवरच्या माणसाकडे जातं. एसएमएसवर विसंबू नका, लॉगिन उघडून बघत राहा.

बिल्डरला पहिला धनादेश देण्याआधी महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. बघायचं ते हे: वीस टक्क्यांची इमारत त्याच नोंदणी क्रमांकात आहे की वेगळ्या टप्प्यात, पूर्णत्वाची तारीख, मंजूर नकाशातलं चटई क्षेत्र आणि जाहिरातीतलं चटई क्षेत्र जुळतं का, प्रकल्पावर दावे आहेत का. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सोडतीतून आलेल्या ग्राहकालाही हेच संरक्षण आहे, जरी विक्री कार्यालयातला माणूस ‘हे म्हाडाचं आहे, इथे ते लागू नाही’ म्हणाला तरी. छोट्या घरांची इमारत मागे पडू नये म्हणून नियमाने बाकी प्रकल्पाच्या भोगवटा प्रमाणपत्राशी तिची सांगड घातली आहे. प्रत्यक्षात विक्रीचे टॉवर राहते होतात आणि मागच्या कोपऱ्यातला सांगाडा तसाच उभा असतो, असं दिसलं तर पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे लेखी विचारा: या प्रकल्पात आजवर किती क्षेत्राला भोगवटा दिला आणि त्यात वीस टक्क्यांचं किती? प्रश्न माहिती अधिकारातही बसतो.

कर्जाची अडचण योजनेच्या रचनेतच आहे. १५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता महिन्याला १३,००० च्या आसपास. महिना ४०-५० हजार मिळवणाऱ्याला हे पेलतं. पण रिक्षावाला, घरकाम करणारी, छोटा दुकानदार तहसीलदारांच्या दाखल्यावर सोडत जिंकतो आणि त्याच दाखल्यावर बँक त्याला कर्ज देत नाही. बँकेला पगारपत्रक किंवा विवरणपत्रं हवी असतात. मग गृहवित्त कंपनी, चढं व्याज. म्हणून अर्ज करण्याच्या आधी सलग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं भरलेली असावीत, उत्पन्न करपात्र नसलं तरीही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदानाचा भाग आहे: ९ लाखांपर्यंत उत्पन्न, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पाच वार्षिक हप्त्यांत मिळून कमाल १.८० लाख रुपये. कर्ज घेतानाच बँकेकडे तो अर्ज भरून घ्या.

घराचं म्हणाल तर बहुतेक वन बीएचके, लिफ्ट, व्हिट्रिफाइड टाइल्स, वापरण्याजोगं स्वयंपाकघर. बांधकामाचा दर्जा विक्रीच्या टॉवरपेक्षा एक पायरी खाली असतो, राहण्यालायक नाही असं सहसा नसतं. खरी परीक्षा पाण्याची. माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण आणि घरटी पाच माणसं धरली तर ४४ घरांना रोज २९,७०० लिटर लागतं, म्हणजे पालिकेचं पाणी नसेल तर दहा हजार लिटरचे तीन टँकर. पीएमआरडीए हद्दीतल्या प्रकल्पात नळजोड खरंच आहे, की ‘लवकरच’ आहे, हे शेजारच्या पूर्ण झालेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. विरार-बोळींजमध्ये म्हाडाची स्वतःची हजारो घरं पडून राहिली होती, त्यात पाणी हे मोठं कारण होतं.

दुसरी गोष्ट सोसायटीची. वीस टक्क्यांच्या इमारतीची वेगळी सोसायटी असेल तर क्लबहाउस, पोहण्याचा तलाव यांवर हक्क राहत नाही, पण खर्चही येत नाही. मोठ्या प्रकल्पाबरोबर एकच सहकारी सोसायटी झाली तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला सारखं: ४० चौरस मीटरच्या घराला आणि तीन बीएचकेलाही. पोहण्याच्या तलावाचा क्लोरीन आणि लॉबीचा एसी अशा घराला परवडत नाही. अपार्टमेंट असोसिएशन असेल तर खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात विभागला जातो, ते छोट्या घराला सोयीचं. आमच्या मते वेगळी सोसायटी, स्वतंत्र पाण्याचं मीटर आणि आवारातल्या मुख्य रस्त्यावर व मोकळ्या जागेवर करारनाम्यात लिहिलेला हक्क, ही जोडणी सगळ्यात बरी. यातला शेवटचा हक्क लिहून घेतला नाही, तर पुढे कुंपण पडायला वेळ लागत नाही.

घर मिळाल्यावर पाच वर्षं विकता येत नाही. त्यानंतर ते खुल्या बाजारात जातं आणि जमिनीच्या किमतीचा सगळा फायदा पहिल्या मालकाच्या पदरात पडतो. शहराच्या परवडणाऱ्या घरांच्या साठ्यातून ते घर कायमचं वजा. अर्जदाराच्या दृष्टीने हा योजनेचा सगळ्यात आकर्षक भाग, नियोजनाच्या दृष्टीने सगळ्यात कच्चा.

सोडतीत नाव लागलं नाही तर ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ ही खिडकी बघा. न विकलेली घरं पुणे आणि कोकण मंडळं या पद्धतीने देतात. यादीत एखादं घर दिसलं तर ते आधी का गेलं नाही याचं कारण शोधा. प्रवर्गाला अर्जदार मिळाला नाही किंवा विजेत्याचं कर्ज झालं नाही, हे कारण असेल तर लगेच पैसे भरा. कारण पाणी किंवा रस्ता असेल, तर जलवाहिनीचं काम कुठवर आलंय ते पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात विचारून मगच.